खेळणारे आम्ही, घडविणारे कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

वक्तृत्व स्पर्धा आली की आपल्याकडे एक विषय ठरलेला असतो : ‘मोबाइलवरील खेळ – शाप की वरदान?’ अर्धे वक्ते ‘शाप’ म्हणतात, अर्धे ‘वरदान’ म्हणतात, आणि बक्षीस बहुधा ‘अतिरेक वाईट’ म्हणणाऱ्याला मिळते. अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. या सगळ्यांत एक प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. हा खेळ केला कोणी? कसा केला? आणि तो आतून कसा चालतो हे आपल्याला उघडून पाहता येईल का? माझे स्पष्ट मत असे की, खरा प्रश्न हाच आहे. खेळ चांगला की वाईट हे ठरविण्याआधी आपण त्याचे नुसते गिऱ्हाईक आहोत की आणखी कोणी, हे ठरवायला हवे.

हे म्हणणे पटवून देण्यासाठी मी एक जुना खेळ निवडला आहे. त्याचे नाव ‘डूम’. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ‘आयडी सॉफ्टवेअर’ या छोट्याशा कंपनीने तो १० डिसेंबर १९९३ रोजी लोकांपुढे ठेवला. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण आज आपले मित्र रात्री जागून जे बंदुकीचे खेळ खेळतात, त्यांचे खापरपणजोबा शोधायला गेले तर बोट याच्याकडेच जाते.

मला तो भेटला एका झेरॉक्सच्या दुकानात. कॉलेज सुटल्यावर मी तेथे काम करते. शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे, परीक्षांचे ऑनलाइन अर्ज लोकांना भरून देते. हे दुकान पूर्वी सायबर कॅफे होते. नाशिकमधल्या बहुतेक सायबर कॅफेंचे पुढे हेच झाले, घरोघरी मोबाइल आले आणि कॅफेत झेरॉक्सची यंत्रे आली. मालक सांगतात की, तेव्हा तासाचे पैसे भरून मुले संगणक जोडून एकमेकांविरुद्ध खेळत, बाहेर बाकावर रांग असे. मुली यायच्या त्या फक्त निकाल पाहायला. त्या काळातला एक संगणक अजून कोपऱ्यात आहे, आणि त्यात डूम आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंगळाला फोबॉस आणि डिमॉस असे दोन चंद्र आहेत. ग्रीक पुराणांत युद्धदेवाच्या दोन मुलांची ही नावे. त्यांचा अर्थच भय आणि धास्ती. या चंद्रांवर एका कंपनीचे शास्त्रज्ञ वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात पाठविण्याचे प्रयोग करीत असतात. प्रयोग फसतो आणि नरकाचे दार उघडते. सारे मारले जातात. उरतो एकटा सैनिक. तो सैनिक म्हणजे खेळणारा स्वतः. तो पडद्यावर पूर्ण दिसत नाही, समोर दिसतात त्याचे हात आणि हातातील शस्त्र. मराठीच्या तासाला आपण ज्याला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतो, तोच प्रकार येथे चित्रांत आहे. आणि वेग कसा, तर सैनिकाला दम म्हणून लागत नाही. तो चालत नाही, धावतच सुटतो. थांबलात की संपलात.

येथे कोणीतरी लगेच म्हणेल, ‘म्हणजे मारामारीच ना?’ हो, मारामारीच. मी ती सोज्ज्वळ करून सांगणार नाही. रक्त आहे, किंचाळ्या आहेत. जर्मनीने १९९४ साली हा खेळ मुलांसाठी घातक साहित्याच्या यादीत टाकला आणि २०११ साली, तब्बल सतरा वर्षांनी, त्या यादीतून काढला. १९९९ साली अमेरिकेतल्या कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते दोघे डूम खेळत असत म्हणून जगभर या खेळावर टीका झाली. आपल्याकडेही मार्च २०१९ मध्ये गुजरातमधील काही शहरांत ‘पब्जी’वर बंदी आली आणि खेळणाऱ्या मुलांना अटकही झाली. ही काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. ज्या घरात लहान भाऊ आहे, त्या घरातील कोणीही असे म्हणणार नाही.

पण चर्चा तेथेच थांबते, हे मला खटकते. बंदी घालणारा म्हणतो, ‘मुलांपासून काढून घ्या’. विकणारा म्हणतो, ‘मुलांना द्या’. दोघांच्याही लेखी मूल म्हणजे फक्त हात पुढे करून बसलेले कोणीतरी. ‘मुलांना हे करून पाहू द्या’ असे दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. डूमचे मोठेपण मला वाटते ते येथे. त्याने एक गोष्ट अशी केली की, खेळणाऱ्यांतले हजारो लोक घडविणारे झाले.

त्यासाठी तो आतून कसा आहे हे थोडे पाहावे लागेल. डूम दिसतो तसा नाही. पडद्यावर जिने, खंदक, उंच दालने दिसतात. पण आत प्रत्येक जागा म्हणजे घराच्या नकाशासारखी वरून काढलेल्या रेषांची आकृती असते. रेषांच्या आतील भागात जमीन किती उंच आणि छत किती उंच, एवढीच नोंद. त्यामुळे डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. पंचवटीतला माडीचा वाडा जसाच्या तसा डूममध्ये बसणार नाही! आपल्याला उंचीचा भास होतो तो हिशेबाच्या करामतीने.

आणि वेग? त्या वेळचे घरगुती संगणक आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही फार दुबळे होते. त्यांच्याकडून सेकंदाला ३५ चित्रांपर्यंत काढून घ्यायची म्हणजे चेष्टा नव्हे. कोणती भिंत पुढे, कोणती मागे हे दर क्षणी शोधत बसले तर यंत्र धापा टाकू लागेल. म्हणून खेळ सुरू होण्याच्या आधीच नकाशा रेषांनी कापून त्याचे दोन भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग असे करीत नेतात, आणि या तुकड्यांचा वंशवृक्ष मांडून ठेवतात. खेळताना यंत्र त्या वृक्षावरून उतरत जाते : जवळची भिंत आधी, दूरची नंतर, आणि झाकली गेलेली भिंत काढायचीच नाही. ही युक्ती डूमचा मुख्य कारागीर जॉन कार्मॅक याच्या डोक्यातून निघालेली नाही. हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर या तीन संशोधकांनी ती १९८० साली एका शोधनिबंधात मांडली होती. कार्मॅकने दोन सत्रांतच विद्यापीठ सोडले होते. पण शोधनिबंध कोणालाही वाचण्यासारखे छापलेले होते, म्हणून ती युक्ती त्याच्यापर्यंत पोचली. विद्यापीठाबाहेर पडलेल्या माणसाला विद्यापीठातले ज्ञान मिळाले, ते कुलूपबंद नव्हते म्हणून. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे कार्मॅकनेही तेच केले. डूमचे एकूण २७ नकाशे; त्यांतले पहिले ९ फुकट. नुसते फुकट नव्हे, तर नक्कल करून मित्राला द्या असा आग्रह. बाकीचे हवे असतील तर पैसे पाठवा. दुसरी गोष्ट अशी की, खेळ चालविणारे यंत्र वेगळे आणि नकाशे, चित्रे, आवाज यांचे गाठोडे वेगळे, अशी रचना मुद्दाम ठेवली. गाठोडे बदलले की त्याच यंत्रावर नवा खेळ चालू लागे. लोकांनी भराभर आपापले नकाशे काढले. १९९६ साली ‘फायनल डूम’ नावाने जे नकाशे विकले गेले, ते मूळ कंपनीने काढलेलेच नव्हते. ‘टीम टीएनटी’ या हौशी मंडळाने आणि कसाली नावाच्या दोन भावांनी काढलेले होते. कालचे खेळणारे आज कामाचे पैसे घेणारे कारागीर झाले होते.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने डूमची सारी आज्ञावली, म्हणजे तो ज्या ओळींनी चालतो त्या सगळ्या ओळी, जगासाठी खुल्या केल्या. १९९९ साली त्यांचा परवाना आणखी सैल केला. आवाजाचा भाग दुसऱ्या कोणाकडून विकत घेतलेला होता, तो देता येईना. तर लोकांनी तो स्वतः पुन्हा लिहून काढला. चित्रे आणि नकाशे अजूनही कंपनीच्या मालकीचे आहेत. पण ‘फ्रीडूम’ नावाने लोकांनी स्वतःची चित्रे आणि स्वतःचे नकाशे करून तीही उणीव भरून काढली. आज डूम कॅमेऱ्यात चालतो, गणकयंत्रात चालतो, छपाईयंत्राच्या इवल्याशा पडद्यावरही कोणी चालवून दाखविला आहे. तीस वर्षे उलटून गेली तरी तो मेलेला नाही, कारण त्याला जिवंत ठेवण्याचे काम एकट्या मालकाकडे राहिलेले नाही.

माझे वडील सातपूरला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कारागीर आहेत. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांतले जळालेले पंप त्यांच्याकडे येतात. शाळा त्यांची सातवीत सुटली. पण मोटार उघडल्यावर जुनी तार कापण्याआधी ते एका वहीत लिहून ठेवतात : वेढे किती, तार कोणत्या गेजची, कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली. ती वही म्हणजे त्यांचे विद्यापीठ. अलीकडे काही यंत्रे अशी येतात की त्यांची टोपी उघडतच नाही. उघडायला गेले तर मोडते. असे यंत्र आले की वडील ते हातात फिरवून पाहतात आणि परत करतात. ‘हे आपल्यासाठी केलेलं नाही,’ एवढेच म्हणतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण उघडून पाहिल्याशिवाय वस्तू कळत नाही आणि कळल्याशिवाय ती आपली होत नाही, हे मला कॉलेजने शिकविलेले नाही. हे घरूनच घेऊन मी येथे आले.

आणि नाशिककरांना हे नवीन वाटण्याचेही कारण नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे नाव आपण पदोपदी घेतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, सहली तेथे जातात. पण फाळके थोर कशासाठी? १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांच्याबरोबर कितीतरी लोकांनी पाहिला असेल. बाकीचे पाहून घरी गेले. फाळक्यांना मात्र हे केले कसे, या प्रश्नाने झोप येईना. १९१२ साली ते लंडनला गेले, तिथल्या चित्रपट करणाऱ्यांना भेटले, त्यांनी आपली विद्या दाखविली, आणि फाळके कॅमेरा घेऊन परतले. कुंडीतल्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपून त्यांनी आधी लोकांची खात्री पटविली आणि मग ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. यापुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पुढे त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हेच दाखविणारा एक छोटा चित्रपटही काढला. जादूगाराने आपली पेटी उघडून प्रेक्षकांपुढे धरावी तसे हे झाले. धंद्याचे गुपित फुटेल अशी भीती त्यांना वाटली नाही. आपण फाळक्यांच्या पुतळ्याला हार घालतो. पण ‘हे केले कसे?’ हा त्यांचा प्रश्न मात्र विसरून जातो.

आता आजच्या खेळांकडे पाहू. आमच्या पिढीचा खेळ म्हणजे पब्जी. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ मोबाइल ॲपवर बंदी घातली, त्यांत तो होता. ३० ऑक्टोबर २०२० ला त्याची भारतातली सेवा बंद झाली. तेव्हा टाळेबंदी होती, आम्ही शाळेत होतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी महिनोन् महिने खेळून मिळविलेली पदके, पैसे घालून घेतलेले पोशाख, सारे एका दिवसात दिसेनासे झाले. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. सीमेवरचा तणाव आणि लोकांच्या माहितीची सुरक्षितता ही कारणे लहान नव्हती. पण त्या दिवशी एक गोष्ट उघडी पडली. त्या मुलांच्या मालकीचे तेथे काहीच नव्हते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा नाहीसा झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. दरवाजा कोण उघडतो, कोण लावतो, हे खेळणाऱ्याने फक्त बाहेर उभे राहून पाहायचे. कोपऱ्यातल्या त्या संगणकावरचा डूम मात्र कोणाच्या परवानगीने चालू होत नाही आणि कोणाच्या आदेशाने बंद पडत नाही.

असे खेळ आपल्याकडे होत नाहीत असेही नाही. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ कंपनीने ‘इंडस’ नावाचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आणला. परग्रहाची कथा आणि भारतीय वळणाची चित्रे. पुण्यात बसून कोणी हे करते याचा मला अभिमान वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-क्रीडेला मान्यता दिली, तेही ठीकच. पण यातून आपल्यासारख्या मुलांना खेळाच्या आत जाण्याची वाट मिळते काय? ‘इंडस’ही बंद पेटीच आहे. कायदा खेळणाऱ्याचा विचार करतो, खेळविणाऱ्याचा करतो. शिकणाऱ्याचा विचार त्यात मला दिसला नाही.

येथे माझे कला शाखेचे मित्र म्हणतील, ‘हे सगळे विज्ञानवाल्यांना सांग. आपला काय संबंध?’ त्यांच्यासाठीच पुढचा मजकूर लिहिते आहे.

डूमच्या खुल्या झालेल्या आज्ञावलीत पडद्यावर उमटणारी वाक्ये बाकीच्या मजकुरापासून वेगळी काढून एका फाइलमध्ये ठेवलेली आहेत. ती फाइल इंग्रजीची. तिच्या शेजारी तशीच दुसरी फाइल आहे, ती फ्रेंचची. दुकानात गर्दी नसताना मी ती उघडून पाहिली. मला फ्रेंच येत नाही. पण एकाच गोष्टीची दोन भाषांतली वाक्ये ओळीने मांडलेली पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा : येथे तिसरी फाइल ठेवायला कोणी मना केलेले नाही. फक्त ती कोणी लिहिलेली नाही.

आणि ही फाइल लिहिणे वाटते तितके सोपे नाही. ते काम विज्ञान शाखेला एकटीला जमणारे नाही. डूम अक्षरे लिहीत नाही. अक्षरांची छोटी छोटी चित्रे एकापुढे एक मांडतो. अशी चित्रे ६३. आकडे, विरामचिन्हे आणि इंग्रजीची फक्त मोठी लिपी, एवढ्यांत त्याचे भागते. आता त्यात आपल्याला ‘किल्ली’ हा शब्द लिहायचा आहे, कारण या खेळात रंगीत किल्ल्या शोधल्याशिवाय दारे उघडत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात क च्या नंतर, पण कागदावर त्याच्या आधी. पुढे ल ला ल जोडलेला. त्यावर दीर्घ वेलांटी. एकापुढे एक मांडण्याची रीत येथेच कोसळते. देवनागरीला ६३ चौकटी पुरणार नाहीत. मग किती पुरतील? कोणती जोडाक्षरे अख्खी हवीत, कोणती तोडून चालतील? जुन्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यांनी हा प्रश्न हाताने सोडविला होता. त्यांच्यापैकी जी वयस्क माणसे गावात असतील त्यांच्याकडे जाऊन विचारायला हवे. हे काम व्याकरणाचे आहे, लिपीच्या अभ्यासाचे आहे. म्हणजे आपले आहे.

भाषांतराचेही तेच. खेळ अर्धवट सोडून निघणाऱ्याला डूम टोमणे मारतो. ते टोमणे शब्दकोश घेऊन मराठीत आणता येणार नाहीत. आपल्या आज्या उंबऱ्यावरून परत फिरणाऱ्याला काय बोलतात, कट्ट्यावर डाव सोडून पळणाऱ्याला पोरे काय म्हणतात, ते कान देऊन ऐकावे लागेल. आपण दरवर्षी २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. नाशिक ही त्यांची कर्मभूमी, म्हणून आपल्याकडे उत्साह अधिक. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आनंदाचीच गोष्ट. पण ज्या पडद्यासमोर आपली धाकटी भावंडे दिवसाचे चार-चार तास बसतात, त्या पडद्यावर मराठीचे एक अक्षर नसेल, तर दर्जा कपाटात राहील आणि भाषा व्यासपीठावर.

एक आक्षेप मी स्वतःच घेते. वस्तू उघडी केली म्हणजे ती चांगल्याच हाती जाते असे नाही. १९९६ साली अमेरिकेच्या मरीन दलाने डूमचाच दुसरा भाग बदलून आपल्या सैनिकांच्या सरावासाठी वापरला. राक्षसांच्या जागी माणसे आली. हे वाचून मला अस्वस्थ वाटले, आजही वाटते. पण त्यातून मी काढलेला निष्कर्ष झाकण लावून टाका असा नाही. ज्याला बदलण्याची विद्या येते तो आपल्या गरजेप्रमाणे बदलतो. लष्कराला ती येत होती. आपल्याला ती आली तर आपण बंदूक ठेवू की काढून टाकू, हे आपण ठरवू. मला विचाराल तर त्याच यंत्रावर मला पांडवलेणी उभी करायची आहेत, एकेका लेण्यातून फिरता येईल अशी. त्यात बंदूक नको, हातात कंदील हवा. डूमला लेण्यांवर लेणी चढविता येत नाहीत हे मी वर सांगितलेच. पण पांडवलेणी डोंगराच्या कमरेला एका ओळीत खोदलेली आहेत, ती बहुतेक बसतील!

दुसरा आक्षेप घरचा. ‘याने नोकरी मिळेल का?’ हा प्रश्न आमच्यासारख्या घरांत चुकत नाही, आणि तो चुकीचाही नाही. जेथे फी हप्त्याने भरली जाते तेथे प्रत्येक तासाचा हिशेब असतो. त्यावर माझे उत्तर एवढेच की, आत्ता ज्याने नोकरी मिळेल म्हणून आपल्याला सांगतात ते संगणकाचे प्रमाणपत्रही आपण बटणे कोणत्या क्रमाने दाबायची एवढेच पाठ करून मिळवितो. दुकानात रोज पाहते, प्रमाणपत्र असलेली मुले अर्ज भरायला माझ्याकडे येतात. पडद्यावर एक शब्द बदलला की त्यांचे हात थांबतात. आतले कळल्याखेरीज बाहेरचे फार दिवस पुरत नाही.

म्हणून प्राध्यापकवर्गापुढे आणि विद्यार्थीमित्रांपुढे मी काही साध्या सूचना ठेवते. आपल्या महाविद्यालयात संगणकांची खोली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी ती उघडत नाही. तिच्या दारावर लावलेल्या वेळापत्रकात आपल्या शाखेचे नाव नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती आपल्यासाठी उघडावी. त्या संगणकांवर फ्रीडूम आणि डूमची खुली आज्ञावली घालावी; दोन्हींना एक पैसा लागत नाही आणि जुनाट यंत्रांवरही ती चालतात. मराठी विभागाने आणि संगणक विभागाने मिळून मराठीची फाइल करायला घ्यावी. एक गट वाक्ये लिहील, एक गट अक्षरांची चित्रे काढील, एक गट ती यंत्रात बसवील. पहिल्या गटात मी आहेच. आणि मुलींनी यावे. सायबर कॅफेच्या काळी बाकावरची रांग मुलांचीच असे. या खोलीपुढची रांग तशी नसावी.

वक्तृत्व स्पर्धेचा विषयही बदलून पाहावा असे सुचवावेसे वाटते. ‘शाप की वरदान’ याऐवजी ‘हे केले कसे?’ असा विषय द्या. सात मिनिटे बोलायला काही हवे म्हणून तरी आमच्यापैकी चारजण एखाद्या खेळाचे झाकण उघडतील. त्यांतल्या एखादीला परत ते लावावेसे वाटणार नाही.

ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांनी पुढील वर्षीच्या अंकात जरूर लिहावे. ज्यांना पटत असेल त्यांनी मात्र पुढील अंकाची वाट पाहू नये. फाइल अजून कोरी आहे आणि पहिला शब्द ‘किल्ली’ हा आहे.